लग्नाचा दाखला दुबईसाठी अटेस्ट करायचाय: एजंट धरू की आपणच करू?

गुहागरची_सून

नमस्कार मंडळी. आमचे हे दुबईत एका कंपनीत स्टोअरकीपर आहेत. आता फॅमिली स्टेटस (म्हणजे कुटुंबाला न्यायची परवानगी) मिळालंय, म्हणून मला आणि मुलीला (वय ४) न्यायचं चाललंय. कंपनीच्या पीआरओने (व्हिसाची कागदपत्रं बघणारा माणूस) लग्नाचा दाखला आणि मुलीचा जन्मदाखला "अटेस्टेड", म्हणजे सरकारी शिक्के मारून खरा ठरवलेला, मागितलाय. मी बीएस्सी बीएड आहे, तिकडे शाळेत प्रयत्न करायचा विचार आहे, तेव्हा लगे हात डिग्रीचंही करून घे असं ह्यांचं म्हणणं.

चिपळुणात एक एजंट आहे, त्याच्याकडे जाऊन आले. तीन कागदांचे २७,००० सांगितले. "मंत्रालय, दिल्ली, एम्बसी सगळं आलं त्यात." कुठे किती फी ते लिहून द्या म्हटलं तर नुसता हसला. दीर म्हणतात एवढे पैसे कशाला, आपण मुंबईला जाऊन करू. सासूबाईंचं एकच, ओरिजिनल कागद परक्याच्या हातात द्यायचे नाहीत.

कागदांची परिस्थिती अशी:
लग्नाची नोंद ग्रामपंचायतीत आहे. दाखला हाताने लिहिलेला, पूर्ण मराठीत, त्यात माझं माहेरचं नाव. पासपोर्ट मात्र मी सासरच्या नावाने काढलाय.
मुलीचा जन्म चिपळूणच्या दवाखान्यातला, म्हणून दाखला नगरपरिषदेचा. त्यात आडनाव इंग्रजीत डब्ल्यूने लिहिलंय आणि ह्यांच्या पासपोर्टात व्हीने. (आम्ही पवार.)
डिग्री मुंबई विद्यापीठाची. बाबांनी हौसेने लॅमिनेट करून ठेवलीय.

कुणी हे स्वतः केलंय का? किती फिरावं लागतं? एजंट दिला तर काय बघून द्यायचा?

कोथरूडकर

एवढं काही नसतं हो त्यात. अपोस्टिल करून टाका. मुलाला नेदरलँड्सला नगरपालिकेत नाव नोंदवायला जन्मदाखला लागला तेव्हा आम्ही तेच केलं. सरकारी फी ५० रुपये. दाखल्याच्या मागे एक स्टिकर येतो, त्यावर नंबर असतो, तो ऑनलाइन तपासता येतो. २७,००० म्हणजे सरळ लूट आहे.

निवृत्त_हेडक्लार्क

ताई, वरच्या साहेबांचा सल्ला नेदरलँड्ससाठी बरोबर आहे, दुबईसाठी नाही. अपोस्टिल हा १९६१ च्या हेग करारातला शिक्का. भारताला तो १४ जुलै २००५ पासून लागू झाला. करारातल्या देशात तो स्टिकर चालतो, वकिलातीत जावं लागत नाही. आखातात मात्र काही देश करारात आहेत, काही नाहीत. ओमान, बहारीन आत, सौदी २०२२ च्या डिसेंबरपासून आत. यूएई, कुवेत, कतार बाहेर. म्हणून मस्कतला जाणाऱ्या शेजारणीचं काम स्टिकरवर भागतं आणि तुम्हाला आपल्या परराष्ट्र मंत्रालयाच्या शिक्क्यापुढे यूएईच्या वकिलातीचा शिक्का घ्यावा लागतो, शिवाय तिकडे पोचल्यावर त्यांच्या परराष्ट्र खात्याचा, ज्याला सगळे मोफा म्हणतात.

माझी नोकरी एका विद्यापीठाच्या परीक्षा विभागात झाली, त्यातली बरीच वर्षं पडताळणीच्या टेबलावर. त्या खुर्चीत बसलं की एक गोष्ट कळते, ती खिडकीबाहेर उभं राहून कळत नाही. या साखळीतला कुणीही तुमचा कागद वाचत नाही. तो आधीच्या अधिकाऱ्याची सही बघतो, आपल्याकडच्या नमुना सहीशी ताडतो आणि खाली आपला शिक्का मारतो. निबंधकाची सही राज्य सरकार बघणार, राज्याची परराष्ट्र मंत्रालय, परराष्ट्रची वकिलात, वकिलातीची मोफा. आत काय लिहिलंय ते पहिल्यांदा अक्षर न् अक्षर वाचतो तो शेवटचा, दुबईत व्हिसाची फाइल करणारा. म्हणजे तुमच्या आडनावातला डब्ल्यू सगळ्या शिक्क्यांतून बिनबोभाट पार होईल आणि तिथे जाऊन अडकेल. सगळे पैसे भरून झाल्यावर. मग दाखला दुरुस्त करायचा म्हणजे नवा कागद, आणि नव्या कागदाला सगळे शिक्के पहिल्यापासून.

तेव्हा एजंट की स्वतः हा प्रश्न नंतर. आधी गावात आणि चिपळुणात जे आहे ते निस्तरा. ते कुठलाच एजंट तुमच्यासाठी करणार नाही, कारण तिथे अर्जदार म्हणून सही तुमची किंवा तुमच्या यजमानांची लागते.

जन्मदाखला: जन्म-मृत्यू नोंदणी कायदा १९६९, कलम १५. नोंदीतली चूक दुरुस्त करायचा अधिकार निबंधकाला आहे. मूळ नोंद खोडत नाहीत, समासात दुरुस्ती लिहून सही करतात. यजमानांचा पासपोर्ट, आधार, त्यांचा शाळा सोडल्याचा दाखला जोडा. दुरुस्ती पासपोर्टातल्या स्पेलिंगप्रमाणे करून घ्या, तुम्हाला ते कितीही चुकीचं वाटलं तरी. पासपोर्ट बदलायचा म्हणजे यजमानांचा दुबईतला व्हिसा, लेबर कार्ड, बँक, सगळंच हलवावं लागेल. मुलीचा पासपोर्ट अजून काढला नसेल तर उत्तमच, दाखला दुरुस्त झाल्यावरच काढा. आणि त्यात आईचं नाव कसं आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. नुसतं पहिलं नाव असेल तर त्याच अर्जात पूर्ण करून मागा.

लग्नाचा दाखला: १९९८ च्या कायद्याखाली नोंद झाली असेल तर तो नमुना 'ई' असतो. गावात ग्रामसेवकच विवाह निबंधक. (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं असा २०२४ चा निर्णय आहे, पण गावात कोण म्हणतंय!) हाताने लिहिलेला मराठी दाखला पुढे नेऊ नका. भाषांतर, मग त्याची नोटरी, मग त्या नोटरीचा शिक्का, अशी एक शेपटी लागते. त्याच नोंदीवरून मराठी-इंग्रजी छापील दाखला मागा. ग्रामसेवक बदलून गेले असले तरी बिघडत नाही. नोंदवही तिथेच असते, आताचे सही करतील. उलट आताच्याच अधिकाऱ्याची सही पुढे पडताळायला सोपी जाते. इंग्रजी नावं तुम्ही कागदावर मोठ्या अक्षरात लिहून न्या, आणि दाखला हातात आला की टेबलावरून हलायच्या आधी वाचा.

माहेरच्या नावाचं फार मनावर घेऊ नका. दाखल्यात माहेरचंच नाव असायला हवं. पासपोर्टाच्या शेवटच्या पानावर यजमानांचं नाव आहे ना ते बघा, आणि त्या नावाचं स्पेलिंगही.

दोन्ही दाखल्यांच्या दोन-दोन सही-शिक्क्याच्या प्रती घ्या. नाममात्र फीत मिळतात. एक प्रत शिक्क्यांनी भरेल, दुसरी कोरी घरात राहील. सासूबाईंचा जीवही भांड्यात पडेल. त्यांचं म्हणणं चुकीचं नाही, पण या दोन कागदांचं ओरिजिनल पुन्हा मिळतं. डिग्रीचं तसं नाही.

आता डिग्री. बीएस्सी आणि बीएड या दोन पदव्या झाल्या, एजंटाने एकच कागद कसा धरला? बहुतेक त्याने तुम्हाला विचारलंच नसेल. पदवीचा रस्ता वेगळा आहे: आधी विद्यापीठाची पडताळणी (मुंबई विद्यापीठाचं परीक्षा भवन कालिन्याच्या विद्यानगरीत आहे), मग राज्याचं उच्च व तंत्रशिक्षण खातं, मग परराष्ट्र, मग वकिलात. लॅमिनेशनवर शिक्का बसत नाही. शाई प्लास्टिकवर तरंगते, बोट लागलं की पुसते. इस्त्री फिरवून सोडवायच्या भानगडीत अजिबात पडू नका. आमच्या टेबलावर तशी एक पदवी आली होती. फिल्म निघाली होती खरी, पण कुलगुरूंची अर्धी सही आणि मुद्रेचा निळा रंग फिल्मबरोबर गेला होता. मागे राहिलेल्या कागदावर विद्यापीठाचं नाव तेवढं वाचता येत होतं. विद्यापीठाकडे रीतसर अर्ज करून दुय्यम पदवी प्रमाणपत्र मिळतं, वेळ लागतो. माझं मत विचाराल तर व्हिसासाठी पदवी लागतच नाही, तेव्हा हा खर्च आत्ता करूच नका. शाळेला कुठली पदवी हवी ते शाळेला सांगू दे.

गुहागरची_सून

काका, खूप खूप धन्यवाद. आईचं नाव बघितलं, नुसतं पहिलंच आहे! मुलीचा पासपोर्ट काढायचाय अजून, बरं झालं सांगितलंत.

अजून एक विचारते. गावातले एक जण म्हणाले मंत्रालयात जायलाच नको, प्रांताची सही घेतली की झालं. खरं आहे का? आणि परराष्ट्रचं काम दिल्लीत होतं ना? तिथे कोण जाणार?

निवृत्त_हेडक्लार्क

प्रांत म्हणजे उपविभागीय दंडाधिकारी, एसडीएम. परराष्ट्र मंत्रालय त्यांची सही मान्य करतं, नियमात आहे. पण दोन अटी लक्षात ठेवा. त्या अधिकाऱ्याच्या सहीचा नमुना परराष्ट्रकडे पोचलेला हवा, आणि पुढच्या वकिलातीला प्रांताची सही चालायला हवी. काही वकिलाती, विशेषतः पदवीच्या बाबतीत, राज्य सरकारचाच शिक्का मागतात. म्हणून पीआरओला लेखी विचारा: "स्टेट लेव्हल हवं की एसडीएम चालेल?" व्हॉट्सअॅपवरचं उत्तरही जपून ठेवा. स्वस्तातला एजंट बहुधा प्रांताच्या रस्त्याने नेतो आणि पैसे मंत्रालयाचे घेतो, हेही विचारून घ्या त्याला.

दिल्लीचं म्हणाल तर ते जुनं झालं. २०१९ पासून हे काम पासपोर्ट कार्यालयांकडेही वाटून दिलंय, मुंबईचं बीकेसीतल्या विदेश भवनात होतं. मात्र परराष्ट्र खातं २०१२ पासून लोकांकडून थेट कागद घेत नाही. त्यांनी नेमलेल्या एजन्सी आहेत, त्यांच्या खिडकीवर द्यायचे. नावं आणि दर खात्याच्या वेबसाइटवर आहेत. साध्या अटेस्टेशनला सरकारी फी नाही, अपोस्टिलला ५० रुपये, वर एजन्सीचा ठरलेला सेवा आकार आणि स्कॅनिंगचे पानाला ३ रुपये. खरा आकडा येतो तो वकिलातीच्या फीचा. ती तुम्ही भरा नाहीतर एजंट भरो, तेवढीच असते. तिची पावती मागा, उरलेले पैसे कशाचे ते आपोआप कळेल.

चिपळूणचा माणूस स्वतः मुंबईला जात नाही. तो कुरियरने मुंबईच्या माणसाला पाठवतो, तो या नेमलेल्या एजन्सीला देतो. दर हाताचं कमिशन तुमच्या २७,००० मध्ये आहे.

कुवेत_खेड_अपडाऊन

अस्सलाम वालेकुम आणि नमस्कार सगळ्यांना. वहिनी, मी खेडचा, बरीच वर्षं कुवेतला. आमच्याकडे अजून एक घोळ होतो तो सांगतो, दुसऱ्या कुणाच्या उपयोगी पडेल. काझींचा निकाहनामा घरात असतो, लोक तोच घेऊन मुंबई गाठतात. तो धार्मिक कागद. अटेस्ट होतो तो निबंधकाचा, ग्रामपंचायत किंवा नगरपरिषदेचा. नोंद केलेली नसेल तर आधी करा. दोघांना साक्षीदारांसकट हजर राहावं लागतं. नवरा परदेशात असेल तर त्याच्या सुट्टीतच उरकून घ्यायचं, नाहीतर गेलं वर्ष. माझ्या चुलतभावाची बायको याच कारणाने पुढच्या सुट्टीपर्यंत इकडेच राहिली.

काकांनी पदवीचं थांबवा म्हटलं ते अगदी पटलं. अटेस्टेशन म्हणजे कागद खरा आहे एवढंच. तुमचं शिक्षण त्यांना मान्य आहे की नाही हा वेगळाच दरवाजा. कुवेतमध्ये २०१८ ला इंजिनीअर लोकांचं काय झालं आठवतं का? सगळ्यांच्या डिग्र्या शिक्के मारून तयार, वर्षानुवर्षं नोकरी चालू. आणि मग इंजिनीअर म्हणून परवाना नूतनीकरणाला तिथली इंजिनीअर सोसायटी म्हणाली कॉलेज एनबीए (आपल्याकडचं इंजिनीअरिंग वगैरे अभ्यासक्रमांना मान्यता देणारं मंडळ) मान्यताप्राप्त हवं. चांगल्या चांगल्यांची कॉलेजं त्या यादीत नव्हती. कित्येकांनी पदनाम बदलून घेतलं, सुपरवायझर वगैरे. शिक्षकांचंही तिकडे तसंच असतं. दुबईत खासगी शाळा केएचडीए या तिथल्या सरकारी शिक्षण प्राधिकरणाच्या हाताखाली येतात, शाळा तुम्हाला समकक्षतेचं पत्र मागेल. नोकरीची ऑफर आल्यावर बघा.

ठाण्याहून_लिहितेय

सगळे स्वतः करा म्हणतायत म्हणून मुद्दाम लिहिते. मी एजंटकडून केलं, कतारसाठी, आणि मला जराही पश्चात्ताप नाही. काकांना सरकारी ऑफिसं पाठ आहेत. आम्हाला मंत्रालयाच्या गेटवर पाससाठी उभं राहायचं तर रजा टाकावी लागते. सर्वसामान्य माणसाला आत दुपारीच सोडतात, आता तर अॅपवर चेहरा दाखवून नोंदणी. आत गेल्यावर संबंधित माणूस जागेवर असेलच असं नाही. ही ताई गुहागरहून येणार, चार वर्षांचं पोर घरी ठेवून. मुंबईत राहण्याखाण्याचा खर्च धरा. एजंटाचे पैसे त्यापुढे काहीच नाहीत.

मी एवढंच केलं: दादरला ऑफिस असलेला माणूस निवडला, जिथे जाऊन भांडता येईल. कागदांच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढले. पोचपावतीवर प्रत्येक कागदाचा नंबर लिहून घेतला, निम्मे पैसे काम झाल्यावर दिले. त्याने वकिलातीची पावती न मागता दिली. मार्कशीटही अटेस्ट करायला हवी म्हणून मध्येच त्याने घाबरवायचा प्रयत्न केला, ते एचआरला विचारून मोडून काढलं.

निवृत्त_हेडक्लार्क

ठाण्याच्या ताईंचं बरोबर आहे. मी एजंटाच्या विरोधात नाही. खिडकीच्या दोन्ही बाजूंना एजंट बघितलेत, त्यात सरळ माणसंही पुष्कळ असतात. माझा आक्षेप "सगळं आलं त्यात" या वाक्याला आहे. गुहागरच्या ताईंनी गावाकडची दुरुस्ती स्वतः करावी, आणि मंत्रालयापासून वकिलातीपर्यंतचा तुकडा मुंबईतल्या माणसाला द्यावा, दर कागदागणिक लिहून घेऊन. पदवी त्यात घालू नये. दिरांना एकदाच पाठवा, कागद हातोहात द्यायला. ऑफिस बघून येतील, पोचपावतीही घेऊन येतील. परत येताना मात्र कुरियर चालेल.

आणि हो, नगरपरिषदेचा दाखला पोर्टलवरून काढलेला क्यूआरवाला असला तरी त्याच्यावर निबंधकाची ओली सही आणि गोल शिक्का घेऊनच ठेवा. पडताळणीवाल्याला ताडायला सही लागते, क्यूआर स्कॅन करायचे कष्ट सगळेच घेतील असं नाही.

गुहागरची_सून

ग्रामपंचायतीत जाऊन आले. छापील दाखला देतो म्हणाले, नोंदवही जुन्या कपाटात आहे, ती काढून ठेवतात. नगरपरिषदेत दुरुस्तीचा अर्ज दिला, आईच्या नावासकट. ह्यांच्या पासपोर्टाची प्रत आणि सहीचा अर्ज दुबईहून मागवलाय. पीआरओ म्हणतो "स्टेट ओन्ली", म्हणजे प्रांताचा प्रश्न मिटला. तिथे गेल्यावर मोफाला काय काय करावं लागतं तेवढं कुणी सांगाल?

देऱ्यात_मुक्काम

ते सोपं आहे. ऑनलाइन अर्ज करायचा, एका कागदाला १५० दिरहम. तुम्ही यायची गरज नाही, मिस्टर इथूनच करतील, पण कागद इथे पोचलेला हवा. म्हणजे तुमच्या आधी दाखले येणार. कुणी ओळखीचं येत असेल तर हाती पाठवा.

अरबी भाषांतर मुंबईत करून आणू नका, एजंट गळ्यात मारायला बघेल. इथल्या न्याय मंत्रालयाच्या परवान्याचा भाषांतरकार लागतो, तो इथेच मिळतो. मिस्टरांना सांगा, भाषांतरकाराला दाखल्याबरोबर तिघांच्या पासपोर्टांच्या प्रती द्या, नावं तो तिथून घेतो. आणि टायपिंग सेंटरवाला व्हिसाचा फॉर्म भरत असेल तेव्हा शेजारी बसून स्क्रीनवर आडनाव वाचा. घाईत तोही डब्ल्यू मारतो.